धुराडं तेवढं राहिलंय

४ ऑक्टोबर, नारीन
यंदा हिवाळा मला गाफील गाठणार नाही. गेल्या वर्षी दवाखान्याचा नळ गोठून फुटला, खुर्चीतली नळी चिरली आणि दात कोरायचं मशीन वसंतापर्यंत मुकं झालं. यंदा प्लॅन तयार. पाइपांना नमदा, म्हणजे जाड दाबलेली लोकर, गुंडाळणे. खिडक्यांच्या फटी बुजवणे. छतावर चढून कोळशाच्या भट्टीचं धुराडं साफ करणे. सगळ्यात सोपं धुराडं, म्हणून ते शेवटी.
नर्स बुरुलकान म्हणाली, "आधी धुराडं करा, डॉक्टर." माझ्याहून मोठी, म्हणून तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणावं लागतं. म्हणून काय सल्लाही घ्यायचा?

११ ऑक्टोबर
पाइप झाले! सासूबाईंच्या जुन्या तंबूचा नमदा कापला. सायरागुल म्हणाली, "आईला कळलं तर ती तुम्हालाच गुंडाळून ठेवेल." बायकोला कामाची किंमत नाही. मशीनला हवा देणारा कॉम्प्रेसर शेडमधून आत आणला, त्याच्या टाकीतलं पाणी काढलं. खिडकीत ठेवलेली भुलीची इंजेक्शनं कपाटात हलवली.

१९ ऑक्टोबर
शिडी लावली. अर्ध्यावर गेलो. वारा सुटला. पायरी कुरकुरली. शिडी सदोष आहे.
उतरताना शेजारच्या ओस्मोनालीने माझे पाय धरून एकेका पायरीवर ठेवले. मला थोरल्या भावासारखं 'बाइके' म्हणतो. म्हणाला, "बाइके, डोळे उघडा, जमीन आली." वर म्हणतो, धुराडं मी करून देतो. नको म्हटलं. डॉक्टरचं छत शेजारी झाडतो, हे उद्या बाजारभर होईल.
मला उंचीची भीती नाही. पडायची आहे. ती कुठल्याही शहाण्या माणसाला असते.

२ नोव्हेंबर
खिडक्या. फटींत कापूस ठासला, वर कागदी पट्ट्या चिकटवल्या. दाराला रबर. आता मुंगीलाही अपॉइंटमेंट घेऊनच आत यावं लागेल. स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं.

१० नोव्हेंबर
रात्रभर बर्फ. छत पांढरं. यावर चढणं म्हणजे जीव देणं. धुराडं वसंतात.
भट्टी पेटवली. आधी जरा धूर आत आला, मग थांबला. मागल्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीत कोळशाच्या गॅसने अख्खं घर झोपेतच गेलं. ना वास, ना आवाज. पण ते निष्काळजी लोक. मी डॉक्टर आहे.

२३ नोव्हेंबर
बाहेर हाडं फोडणारी थंडी. आत आईच्या कुशीसारखी ऊब. पेशंट विलक्षण शांत! हेडमास्तरीण अनीपाबाई गेल्या खेपेला माझं बोट चावली होती. आज हूं की चूं नाही. म्हणाली, "डॉक्टर, डोळे जड झालेत हो." माझा हात हलका झालाय, दुसरं काय.
एजे दिवसभर जांभया देते. आळसावर चार शब्द सुनावले. डोकं दुखतं म्हणाली. दुखतं तर माझंही. यश डोक्यात जातं म्हणतात, ते असंच असणार.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.
सकाळी तोक्तोसून आजोबा दाढ काढायला आले. इंजेक्शनआधीच खुर्चीत घोरायला लागले. मी खूश. एजेकडे हात पुढे केला, चिमटा मागितला. हातात काही आलं नाही. वळून बघतो तर एजे कपाटाला टेकून जमिनीवर बसलेली. तोंड उघडं. ओठ नको तितके लाल.
तेव्हा कळलं. भट्टी. धुराडं.
दाराकडे निघालो, तर पाय माझे नव्हतेच. खिडकीशी पडलो. कागदाची पट्टी ओढली, कापूस ओढला. इतका छान ठासला होता की नखं तुटली, कापूस हलला नाही. आपण मरणार, हे इतकं स्पष्ट मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.
सायरागुल जेवण घेऊन आली होती. रबरामुळे दार उघडेना, तिने लाथ घातली. आत एक नजर टाकली आणि सुपाचं पातेलं सरळ खिडकीवर फेकलं. काच फुटली. "मेल्या, ऊठ!" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. आजोबांना तिने कोटाला धरून ओढलं. एजेला मी. कधी ओढत, कधी रांगत.
बर्फात एजे डोळे उघडेना. मी नाडी शोधत होतो. सापडत नव्हती. "एजे, एजे" एवढंच म्हणत होतो. मग ती माझ्या मांडीवर ओकली. त्याहून चांगलं काही माझ्या अंगावर आजवर पडलेलं नाही.
अँब्युलन्स तिला घेऊन गेली. आजोबा शुद्धीवर येऊन विचारतात, "दाढ निघाली का रे?"

२६ नोव्हेंबर
धुराडं साफ झालं. बादलीभर काजळी आणि कावळ्याचं अख्खं घरटं. वर सायरागुल चढली. मी शिडी धरली. वरून ओरडली, "शिडी हलवू नका!" मी हलवत नव्हतो. मी नुसता धरून उभा होतो.

१ डिसेंबर
एजे हॉस्पिटलमधून थेट कामावर आली. मी भाषण तयार ठेवलं होतं. यंदा कोळसाच खराब निघाला, वगैरे. तिने ऐकून घेतलं नाही. कोट काढला नाही. एक खुर्ची उचलली, उंबरठ्यावर ठेवली, दार सताड उघडलं आणि तिथे बसली. म्हणाली, "आता मी इथेच. काही लागलं तर हाताने घ्या."
धुराडं साफ आहे म्हटलं. "असेल," म्हणाली.
दुपारपर्यंत बर्फ आत आला. चूळ भरायच्या ग्लासात पाणी गोठलं, मग खुर्चीतली नळी, मग मशीन. अनीपाबाई फाटकातूनच परत गेली.
दार लोटून घेऊ का, हे विचारायला तोंड उघडलं. मागे भट्टीत कोळसा तडकला.
मी टोपी घातली, स्टूल उचललं, आणि एजेच्या शेजारी, दारातच जाऊन बसलो.