चिंचोक्याएवढा चेहरा

धनगरवाडी, पोलादपूर
१४ जानेवारी २००७

ति. रंजिताताईस,
विनोदचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल, फक्त घरात एक परका माणूस आला आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा म्हणून, तू मोबाइलवर काढलेला बाबांचा म्हशीबरोबरचा फोटो हैबतीकाकांनी महाडच्या एका स्टुडिओत दिला. बाबांचा आहेच तेवढा एक. स्टुडिओवाल्याने म्हैस कापली आणि चेहरा परातीएवढा वाढवला, तर नुसते चौकोनच चौकोन! मग ते गुळगुळीत केले, डोळे नवे बसवले, खाली कोट आणि टाय लावला. गेलेल्या माणसाला साहेब करायची आपल्याकडची रीतच आहे.

आईने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणाली की ह्यो कोन सायब हाय मला ठावं नाय, ह्याला हार मी घालनार नाय. काका म्हणतात, हार नाही तर मीही श्राद्धाला नाही. सख्खा भाऊ आला नाही तर वाडी काय म्हणेल? तू बॅनरच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतेस, तूच काहीतरी कर. तुला आठवा महिना आहे, जपून राहा.

तुझा धाकटा,
विनोद


मुंबई
२२ जानेवारी

चि. विनोदास,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे रे. कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून मी मोबाइल सगळ्यात लहान फोटोवर ठेवला होता, आणि वीस फोटो नुसत्या म्हशीचे काढले. काल कॉम्प्युटरवर मोजलं. बाबांच्या चेहऱ्याला आडवे साठ ठिपके आले आहेत. बाबा तेवढ्यातच आहेत. वाढवलं की फोटो फाटतो, म्हणजे एकेक ठिपका बत्ताशाएवढा होतो, मधली जागा कॉम्प्युटर अंदाजाने भरतो. त्याने बाबांना कधी पाहिलं होतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बॅनर लोक लांबून बघतात, म्हणून आमचं खपून जातं. हा न फाटता पोस्टकार्डाएवढाच निघेल.

आईला म्हणावं, एक दिवस घाल हार. मला येता येत नाही याचंच रडू येतं, त्यात काकांशी वैर नको. पत्र टाक, वाडीवर रेंज नाही हे काय मला नवीन?

लोभ आहेच, तो मात्र हवा तेवढा वाढव.
रंजिता


धनगरवाडी
३० जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, न फाटता केवढा होतो? मी म्हटलं, पोस्टकार्डाएवढा, त्यात चेहरा चिंचोक्याएवढा. तर म्हणाली, चिंचोका तर चिंचोका. ज्याला लांबून बघायचं त्यानं घरी बसावं, माझा मानूस बघायचा त्यो जवळ येईल. हेच काकांच्या अंगणात जाऊन चारचौघांत सांगून आली. मीही तिच्याच बाजूचा आहे, ताई. कोटवाल्यापुढे मी पान ठेवणार नाही.

म्हशीसकट पाठव.
विनोद


धनगरवाडी
२२ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

श्राद्ध पार पडलं. तू पाठवलेला फोटो मधल्या खांबाला लावला होता. वाडीतला एकेक जण पुढे येऊन वाकून बघत होता. काका उशिरा आले, हातात भलामोठा हार, तोंड फुगलेलं. चष्मा लावूनही दिसेना, तेव्हा नाक खांबाला टेकेपर्यंत जवळ गेले आणि तिथेच उभे राहिले. म्हणाले की थोरला हसतोय. कोटवाल्याचं तोंड मिटलेलं होतं, ताई. काका पोरासारखे रडले. जेवून जाताना कोटवाला काखेत मारून घेऊन गेले.

हार घातला असता तर फोटो अख्खा झाकला गेला असता. आईने त्यातलं एकच फूल काढलं आणि म्हशीच्या बाजूला खोचलं.

आता तिचा हुकूम ऐक. बाळ झालं की मोबाइल सगळ्यात मोठ्यावर ठेवायचा. कार्ड भरलं तर भरू दे. म्हणते, येकच काढ, पन आख्खा काढ.

लोभ आहे तसाच, जवळून असावा.
विनोद