व्हिनेगर पोचलं, दुकान रिकामं झालं

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार. पाय इथूनच धरतो, कारण प्रत्यक्ष धरायला आलो तर तू आधी माझा कान धरशील, अशी या पत्रातली हकीकत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. मधल्या भागात निरोगी माणसाचाही घसा खवखवेल.) इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

तू पाठवलेला पाच लिटर व्हिनेगरचा कॅन पोचला. सोबतची चिठ्ठीही पोचली: ‘आता तरी ती विषारी रसायनं सोड. हे फळांचं आहे, घरचं आहे, याने कोणाचं काही वाईट होत नाही.’ ताई, चिठ्ठी वाचून मला दहा हत्तींचं बळ आलं. कारण तुला ठाऊकच आहे, लेक महिन्याची रजा काढून आली आहे आणि आल्या दिवशीच तिने मला अट घातली आहे. ‘बाबा, लाँड्री मी चालवायला घेते, पण महिनाभर तुम्ही मी सांगेन तसं वागून दाखवायचं. नाही जमलं, तर मी त्या लांबच्या प्रयोगशाळेची नोकरी धरते.’ आता, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक इस्त्री घेऊन उभा राहिलो त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे वागलेलो नाही. तरी मुकाट्याने हो म्हणालो. माझ्यामागे दुकान कोण बघणार हा प्रश्न आहेच, पण खरं सांगू? सकाळी दात घासताना ती भसाड्या आवाजात गाते ना, ते पुन्हा ऐकू यायला लागलंय. ते बंद पडू नये एवढंच वाटतं.

तिच्या अटी ऐक. प्रत्येक कॅनवर नाव लिहायचं. हातमोजे घालायचे. मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची. पाण्याच्या बाटलीत पाण्याशिवाय काहीही भरायचं नाही. मी म्हटलं, बाई गं, माझं नाक हीच माझी चिठ्ठी. झाकण फिरवलं की कळतं, ब्लीच कुठलं, अमोनिया कुठला. आमच्या धंद्यात नावं लिहितो तो शिकाऊ. इस्त्रीवाले मामा (हे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत आणि पहिल्या दिवसापासून माझ्या विरुद्ध आहेत) तिकडून म्हणाले, ‘मालकांचं नाक मोठं खरं, पण त्यावर विसंबून घर बांधू नये.’ लेक हसली. माझ्या पगारावर जगणारा माणूस माझ्या लेकीला माझ्यावर हसवतो.

तर तुझी चिठ्ठी मी तिला दाखवली आणि म्हटलं, ‘बघ, आत्या काय म्हणते. आता कारखान्याचं सगळं बंद, फक्त निसर्गाचं वापरू. मग कशाला हवेत हातमोजे?’ तिने कपाळावर हात मारला. पण मी ऐकतो काय! त्याच दुपारी एका टेबलक्लॉथवरचा गंजाचा डाग लिंबाने काढायला बसलो. बसलो तो खिडकीत, उन्हात, उघड्या हातांनी. डाग गेला. दोन दिवसांनी तो माझ्या मनगटावर उगवला, फोडांसकट. लेक म्हणाली, लिंबाचा रस कातडीवर ठेवून उन्हात बसलं की असं पोळतं. मी म्हटलं, अगं पण लिंबू नैसर्गिक आहे ना! ती म्हणाली, ‘विंचूही नैसर्गिकच आहे, बाबा.’ मामांनी इस्त्री खाली ठेवून टाळी दिली. तिला, मला नव्हे.

(शिकलेल्या पोरीला उलट उत्तर द्यावं तर आपल्यालाच शिकवणी लागते. तिने मला तासभर समजावलं, की नायलॉनचा मोजा कारखान्यातला म्हणून काही पायाला चावत नाही, आणि कडू बदाम झाडावरचा म्हणून काही गोड बोलत नाही. वस्तू आली कुठून हे नाही पाहायचं. पाहायचं ते ती काय आहे, किती घेतली आणि कशात मिसळली. ‘कशात मिसळली’ हे तिने दोनदा सांगितलं. मला दोन्ही वेळा ऐकू आलं. माझ्या कानांबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही.)

आता मुख्य गोष्ट. गेल्या मंगळवारी मला सर्दी झाली. नाक ठप्प. पण ज्या नाकाच्या जोरावर मी चिठ्ठ्या नाकारल्या ते नाक बंद आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार? सकाळी शेजारच्या डॉक्टरांचे दहा पांढरे कोट टबात ब्लीचच्या पाण्यात भिजत घातले होते. वाटलं, अजून थोडं ब्लीच हवं. फळीवर सारखेच तीन पांढरे कॅन. एकेक उघडून हुंगला. तिन्ही गाढ झोपलेल्या माणसासारखे गप्प, कशालाच वास नाही. मग म्हटलं, नाक गेलं तर गेलं, कान आहेत. एकेक कॅन कानाशी धरून हलवला. हसू नकोस. तेलाचा आवाज जड येतो, साबणाचा आळशी येतो हे मला खरंच कळतं. पण ब्लीच आणि तुझं व्हिनेगर, दोघंही पाण्यासारखीच पातळ, दोघांचा आवाज सख्ख्या बहिणींसारखा. मी त्यातली जरा चुणचुणीत वाटली ती उचलली आणि भरपूर ओतली.

ती तुझी होती.

टबातून हिरवट पिवळं काहीतरी वर यायला लागलं. माझ्या नाकाला पत्ताच नाही; डोळे मात्र भरून आले, तेव्हा क्षणभर वाटलं ताईची आठवण आली. मग घशात कोणीतरी सांडशी घातली. मामा खोकत ओरडले, ‘मालक, काय शिजवताय?’ तेवढ्यात लेक आली. ओरडली नाही, विचारलं नाही. माझी कॉलर धरली, मामांचा दंड धरला आणि दोघांना रस्त्यावर आणून उभं केलं. काउंटरवरच्या दोन बायकांनाही बाहेर काढलं, दरवाजे सताड उघडले, आणि आत जायचं नाव काढणाऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गल्ला विसरलो. डॉक्टर नेमके कोट न्यायला आलेले. कोट आत, वायू आत, म्हणून बिचाऱ्यांनी साध्या शर्टावर फुटपाथवरच आमचे घसे आणि छाती तपासली. कोणाला काही झालं नाही. ‘थोडक्यात वाचलात,’ म्हणाले, ‘खोली बंद असती तर हसायला उरला नसतात.’ खिडकी उघडी होती, ताई. तिने उघडायला लावलेली.

दुकान हवा खेळून मोकळं झालं. कोट पुन्हा स्वच्छ पाण्यात काढले. त्या संध्याकाळी मी स्वतः बसून एकूणएक कॅनवर ठळक अक्षरांत नाव लिहिलं. तुझ्या कॅनवर लिहिलं: ‘ताईचं व्हिनेगर. भाजीत चालेल, ब्लीचमध्ये कधीही नाही.’ तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या व्हिनेगरचा दोष नाही, ब्लीचचाही नाही. दोघंही आपापल्या जागी गुणी. त्यांचं लग्न लावणारा भटजी तेवढा गाढव.

सर्दी गेली. हातमोजे घालतो, त्यात हात घामेजतात पण सवय होते. मामा आता मला ‘साहेब’ म्हणतात. त्यात काहीतरी आहे, पण पकडता येत नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (सध्या सगळ्यांचाच)
धाकटा

ता.क. पुढचा कॅन एवढ्यात पाठवू नकोस.

ता.क. दुसरं, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. त्या प्रसंगानंतर लेक मला रागावलीच नाही, हे वाईट लक्षण. काल फक्त एवढं विचारलं, ‘बाबा, तुम्ही पहिल्यापासून असेच आहात, की हे एकदाच घडलं? मी आत्यालाच विचारते.’ मी विचार केला. एकदाच घडलं म्हणावं, तर हा माणूस शहाणा आहे, एकटा सांभाळेल, असं समजून ती खुशाल नोकरीला जाईल. तेव्हा रविवारी तिचा फोन आला की सांग, मी जन्मापासून असाच आहे. लहानपणी घर पेटवलं होतं म्हण. तू मला चार लोकांत नेहमी शहाणा म्हणतेस. एकदा बहिणीच्या मायेने मूर्ख म्हण.

ता.क. (हे अक्षर माझं आहे, आत्या.) बाबांनी पाकीट टपालात टाकायला दिलं. ते त्यांनी कपड्यांच्या खळीने चिकटवलं होतं आणि खळ कच्ची राहिली होती, म्हणून ते उघडलं. मी उघडलं नाही. त्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय. इथे आल्याच्या तिसऱ्या दिवशी, तुझं व्हिनेगर पोचायच्याही आधी. तू तुला हवं ते सांग, पण हे मात्र बाबांना महिना संपेपर्यंत कळू देऊ नकोस. हातमोजे आत्ता कुठे घालायला लागलेत.