चौऱ्याण्णव किलोमीटर

३ जानेवारी
एका चार्जिंगवर गाडीची आजची रेंज ५८ किलोमीटर. मुलीचं घर ९४. उरले छत्तीस. पेट्रोल गाडीचं इंजिन उपटून स्वतःच्या हातांनी मोटर आणि बॅटरी बसवणाऱ्याला छत्तीस म्हणजे हातचा मळ. महिनाअखेर गाठतो.
बायको नातीला सांभाळायला तिकडे गेली त्याला आठ महिने झाले. तिला याच गाडीतून घरी आणायचं. बस दर तासाला आहे. पण बसने काय, कोणीही जातं.

९ जानेवारी, सकाळी ७
मागची सीट, स्टेपनी, जॅक, टेप काढले. ६३.
शेजारची सीट चौदा किलो. बोल्ट सैल केले. परत आवळले. ती बसणार कुठे?

१८ जानेवारी
टायरमध्ये जास्त हवा. वेग ४०. मागून सारखे हॉर्न. जळतात लोक. ७१.
बायकोला फोन केला. वीस मिनिटं टायरचं घर्षण समजावलं. मध्येच म्हणाली, जेवलात का? विषय बदलायची तिला सवयच आहे.

२ फेब्रुवारी
महिनाअखेर हुकली. पण फेब्रुवारी लहान असतो, म्हणजे पुढची अखेर जवळच.

१४ फेब्रुवारी
पुलाच्या चढावर गाडी बसली. दोन अनोळखी माणसांनी ढकलली. एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का?
वायरमन मित्राने बॅटरी तपासली. म्हणाला, सगळे सेल धडधाकट आहेत, एकच खचलाय. तो बसला की सगळंच बंद. एकावर इतकं अवलंबून राहणं हा डिझाइनचा दोष आहे, असं मी त्याला सुनावलं.
स्वयंपाकघरातला दिवा गेलाय. बदलायला वेळ नाही.

२१ फेब्रुवारी
मुलीचा फोन. नात बालवाडीत जायला लागून दोन महिने झाले म्हणे. मग तुझी आई दिवसभर करते काय, असं विचारलं. म्हणाली, बाबा, तिलाच विचारा ना.
विचारणारच आहे. समक्ष.

६ मार्च
नवा सेल बसवला. ९७!!
घरभर दोन फेऱ्या मारल्या. सांगायला कोणी नव्हतं. वायरमनचा फोन लागला नाही.

८ मार्च, संध्याकाळी ६, मुलीच्या घरी
सकाळी साडेआठला पोचलो. बॅटरीत दोन टक्के शिल्लक. दार बायकोनेच उघडलं. बाहेर निघाली होती. शिवणवर्गात शिकवते म्हणे. साडेआठ तास गाडी चार्जिंगला आणि मी सोफ्यावर.
पाचला ती आली. म्हटलं, न्यायला आलोय. ती पाणी प्यायली. मग सावकाश म्हणाली, वर्गात बावीस जणी आहेत, मला इथे बरं वाटतं. तुम्ही येत जा. मी म्हटलं, विचार कर, घाई नाही. ती म्हणाली, केलाय.
मग तिनेच विचारलं, गाडी कधी भरेल? म्हटलं, भरलीच. ती आत गेली आणि डबा भरून आणला. एकाच माणसाचा.
वजनाचा विचार केला असणार.