साबणाने बुजवलेली टाकी

मृत्युपत्र लिहून ठेवणार: अर्जुना सिदू कोळेकर, वय ७३, पूर्वीचा धंदा मोटार मेकॅनिक, मूळ गाव कवठे महांकाळजवळ, हल्ली राहणार माधवनगर, जि. सांगली.

माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. अक्षर वेडेवाकडे आले आहे, त्याचे कारण आजार किंवा दारू समजू नये. मला भीती वाटते आहे. परवा खंडेनवमीला माझ्या घरातली दोन माणसे माझ्यामुळे जळता जळता वाचली.

कलम १. माधवनगरचे राहते घर व मागची मोकळी जागा मुलगा रविराज आणि सून माया या दोघांच्या नावे समान. मायाचे नाव मुद्दाम घातले आहे. माझी बहीण बयाबाई हिने त्यावर तोंड वाकडे करू नये. माझी बायको धोंडुबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती, तिचे सगळे मायाने केले. बयाबाई दहाव्याला आली आणि आमटी आळणी आहे म्हणाली.

कलम २. बँकेत जी काही ठेव निघेल ती नात सोनिया, वय ९, हिच्या शिक्षणासाठी. दुसऱ्या कशालाही नाही.

कलम ३. फियाट गाडी, १९६६ सालची, रंग पिस्ता. इथली कापडगिरणी बंद पडल्यावर ती तिथल्या मॅनेजरसाहेबांकडून आम्ही धोंडुबाईच्या मेंढ्या विकून घेतली. गावी नेली तेव्हा माझे वडील आत बसेनात. जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस, त्यांनी बाहेरूनच बोनेटवर भंडारा उधळला. ही गाडी रविराजला. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांना ती भाड्याने द्यायचे त्याच्या मनात आहे. पण पुढचे वाचल्याशिवाय त्याने चावीला हात लावू नये.

पाच महिन्यांपूर्वी गंज खाऊन पेट्रोलच्या टाकीला तळाशी बारीक भोक पडले. ह्या गाडीची नवी टाकी आता मिळत नाही. रस्त्यात टाकी गळायला लागली तर आमच्या धंद्यातली माणसे भोकावर साबणाची वडी चोळतात. साबण पेट्रोलला दाद देत नाही, गाडी गावापर्यंत पोचते. ही युक्ती गावापर्यंतच पोचायची. मी तिच्यावर पाच महिने काढले आणि घरात कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर रविराज म्हणाला असता, गाडी विका.

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडू आणायला सांगलीला गेलो. मागे मायाने पूजेसाठी गाडी धुतली, पाइप लावून, खालूनसुद्धा. खालची माती राहते म्हणून दर वर्षी तिला मीच बोलतो. पाण्याने साबण निघून गेला. मी परत आलो तेव्हा पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवून झाली होती आणि सोनिया पेटवलेले निरांजन घेऊन घरातून गाडीच्या शेडकडे येत होती. माया म्हणाली, "आप्पा, चला लवकर. फरशी अजून वाळंना झालीया."

ते पाणी नव्हते. शेडला पेट्रोलचा वास कायमचाच, म्हणून तिला कळले नाही. शेडचा उतार पुढे आहे, टाकीतले पेट्रोल चाकापर्यंत आले होते. धावत जाऊन मी ज्योत मुठीत धरली. सोनिया रडली, आजोबांनी देवाचा दिवा विझवला म्हणून.

गाडी ढकलून मोकळ्या जागेत नेली, पेट्रोल काढले. काल दसऱ्याला रविराजने टाकी खोलली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "रिकामी हाय, आप्पा. थेंब न्हाई. उद्या वेल्डिंगला देतो." हे माझेच जुने शब्द आहेत.

कलम ४. लालासाहेब आनंदा यादव, राहणार रहिमतपूर, जि. सातारा, हा माझा गॅरेजमधला भागीदार. १९८८ साली एका टेम्पोची टाकी सांधायची होती. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि ती पेट्रोलपेक्षा वाईट. म्हणून टाकी पाण्याने तीनदा खळबळून मगच ज्योत लावायची. धुण्याचे काम माझे होते. मला कवठ्याची एस.टी. गाठायची होती, मी धुतली नाही. त्याने विचारले, "धुतलीस का रं?" मी म्हणालो, "व्हय. रिकामी हाय, लाव."

ज्योत लावताच टाकीचा स्फोट झाला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, एक कान गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "टाकी तर धुतल्याली हुती. माजीच बिडी आसंल, गड्या." मी गप्प बसलो. त्याने बिडी सोडली, धंदा सोडला आणि गावी गेला. सदतीस वर्षे मी दर दिवाळीला त्याच्याकडे फराळ घेऊन जातो. तो लोकांना सांगतो, माझ्या चुकीनं गॅरेज बुडालं तरी ह्यानं मला टाकलं न्हाई. मी खाली मान घालून चकली खातो.

बिडी नव्हती. मी होतो. माझी सगळी हत्यारे, पान्ह्यांच्या पेटीसह, लालासाहेबाला द्यावीत.

कलम ५. ही टाकी कुणीही, कसल्याही कारणाने, सांधू नये.

कलम ६. (नंतर घातलेले.) साक्षीसाठी लालासाहेबाला फोन करून बोलावले. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही म्हणून कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. कलम ४ दोनदा वाचले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

"साक्षीदाराला काय मिळतं का?" त्याने विचारले. मी म्हणालो, वकील म्हणतात, साक्षीदाराने काही घेऊ नये.

"मग हत्यारं खोड. मला सही करायची हाय." पुढे म्हणाला, "म्या माफ केलं आसं लिवू नगंस. आजून ठरलं न्हाई माजं." मग दाराकडे बघत म्हणाला, "आन् पोराला कवा सांगणार? मेल्यावर? टाकी आज चाललीया."

तेव्हा रविराजला हाक मारून कलम ४ मी मोठ्याने वाचून दाखवले. हत्यारे आता रविराजकडे राहतील. टाकी लालासाहेबाने नळाखाली धरून तीनदा धुतली आणि वाफेला जागा राहू नये म्हणून काठोकाठ पाणी भरून कोपऱ्यात ठेवली. मी पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही.

स्थळ: माधवनगर. शुक्रवार, दि. ३ ऑक्टोबर २०२५.

अर्जुना सिदू कोळेकर (सही)

साक्षीदार:
१. शंभूराज दत्ताजी माने, शेजारी (सही)
२. लालासाहेब आनंदा यादव (सही डाव्या हाताची. समदं वाचून केली.)