बुटाला चिखल नसलेला शेतकरी

भवानीनगर, डिसेंबरातला रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा तसलाच नाताळचा पिक्चर लागला होता, मराठीत डब केलेला. शहरातली पोरगी गावी येते आणि नाताळची झाडं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रेमात पडते. शेवट मला सुरुवातीलाच कळतो. तरी का बघते मी? कळतो म्हणूनच बहुतेक. इथं आपल्या उसाची तोडसुद्धा ठरल्या वेळी येत नाही.

आमचे हे नेहमीसारखे नावं ठेवत बसले. "शेतकरी म्हणं. बुटाला चिखल कसा न्हाय त्याच्या?" मग उसाला पाणी द्यायला निघून गेले.

ती पोरगी रुसून गाडीत बसली, नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. मी आत पळाले. तर बाहेरून यांचीच हाक, "अगं, ये लवकर. गाडी वळवली तिनं."

कधी परत आले होते कोण जाणे. चिखलाच्या पायांनी टीव्हीसमोर उभेच. पिक्चर संपल्यावर म्हणाले, "बॅटरी न्यायला आलो हुतो," आणि लगबगीनं शेताकडं गेले.

दारापासून टीव्हीपर्यंत चिखलाची पावलं आहेत. पुसायला हवीत, पण राहू देत जरा.

बॅटरी अजून खुंटीलाच आहे.