उशिराचं सुतक

डोंबिवली (पूर्व),
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सगुणाताईंस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुम्ही चमकला असाल. तुमचे कान गेले, फोन निकामी झाला, तेव्हापासून तुम्हा बहीणभावांची पत्रं सुरू झाली. त्यात मी कधी नाक खुपसलं नाही. पण यंदा दिवाळीचंही पत्र गेलं नाही. तुमच्या हितेशने फोनवर मामाची चौकशी केली, तेव्हा ते पेपर तपासण्यात अडकलेत असं सांगून मी वेळ मारून नेली. आता खरं लिहिते.

हे आजारी आहेत. ताप नाही, खोकला नाही, पण गणपतीपासून शाळेत गेलेले नाहीत. ज्यांच्या भूगोलाच्या तासाला शेजारच्या वर्गातली पोरं कान लावून बसायची, ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आंघोळीसाठीही मिनतवाऱ्या कराव्या लागतात. डॉक्टर याला तीव्र नैराश्य म्हणतात. पहिल्या गोळीने काही झालं नाही, दुसरीने नुसती झोप आली, आता तिसरी चालू आहे.

आईंना यातलं किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा. तब्येतीला जपा, आणि माझ्यावर रागावू नका.

तुमची,
वासंती

---

खडवली,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वासंती हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. स्वतःचं घर आहे, लेक सान्वी बंगळुरूला चांगल्या नोकरीत आहे, शाळेत मान आहे. मग माझ्या भावाला कमी काय पडलं गं? तुमच्यात काही बोलाचाली झाली असेल तर स्पष्ट लिही. मी कुणाची बाजू घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुझीही थोडी घेईन.

त्याला इकडे आणून टाक. भातसेच्या काठाला चार दिवस बसला, दोन घास मासळी पोटात गेली, की डोकं ताळ्यावर येईल.

आईला मी फक्त ताप आहे म्हणून सांगितलंय. तिचं जेवण फार कमी झालंय. कडी वाजली की रघू आला का म्हणून विचारते. तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं, त्यावर आमचा संसार चाललाय. पण ती आता थकली आहे. त्याला लवकर घेऊन ये.

तुम्हां दोघांची वाट बघणारी,
सगुणा

---

खडवली,
२ जानेवारी २०२५

वासंतीस,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

आईचं तेरावं झालं. ती गेली त्या दिवशी तू एकटीच आलीस, रात्रीच्या आत परतही गेलीस. आपलं बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते. चार माणसांत भटजींनी मुलगा कुठे म्हणून विचारलं, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. अखेर मीच मडकं खांद्यावर घेतलं, अग्नी मीच दिला. हितेश म्हणाला होता, की मी देतो. मी त्याला बाजूला केलं. ज्याचा मान होता तो येत नसेल तर तो माझा, असं मला वाटलं.

डोंबिवली कुठे परमुलखात नाही. दुखणं मला कळतं, पण आईला शेवटचं बघायला न उठणारं दुखणं कसलं? त्याला सांग, त्याची बहीण जिवंत आहे, एवढंच.

सगुणा

---

डोंबिवली (पूर्व),
११ जानेवारी २०२५

ती. सगुणाताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा शब्दन्‌शब्द खरा आहे. तरी त्या दिवशी इथे काय झालं ते ऐका.

हितेशचा फोन आल्यावर मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की आई गेल्या. ते बरं म्हणाले. नुसतं बरं. मी शर्ट काढून दिला. एक हात बाहीत घालून ते तसेच बसून राहिले. मी हाताला धरून उठवलं, ओरडले, पाया पडले. दुसरा हात काही बाहीत गेला नाही. शेवटी शेजारच्या तुळसाकाकूंना त्यांच्यापाशी बसवून मी निघाले.

मी परतले तेव्हा शर्ट तसाच होता. बऱ्याच दिवसांनी ते आपणहून बोलले. म्हणाले, की आई गेली आणि मला काहीच वाटत नाही, वाईटसुद्धा वाटत नाही, तर मी माणूस म्हणून उरलोच नाही, आता मला राहायचं नाही. सान्वीला बोलावून घेतलं आणि त्यांना ठाण्याच्या इस्पितळात दाखल केलं. सुतकाच्या घरात तुम्हाला हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, की गोळ्या लागू पडत नाहीत तर आता चुंबकाचे उपचार करून बघू. हमखास गुण येईलच असं मात्र त्या म्हणत नाहीत. आणि तुम्ही विचारलं होतंत म्हणून मीही त्यांना विचारलं, की यांना कमी काय पडलं? त्या म्हणाल्या, की साखर वाढलेल्या माणसाला आपण हे विचारतो का?

राग असू द्या, पण पत्र थांबवू नका.

तुमची,
वासंती

---

खडवली,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. वासंती हिस,
अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचेही यातच धर.

तो असं बोलला हे वाचून मी ओटीवर बसूनच राहिले. मला वाटलं होतं, आपल्यातलं एकच माणूस गेलं; दुसरंही जायच्या वाटेवर होतं हे कळलंच नाही.

पण चुंबक म्हणजे काय गं? सिनेमात वेड्यांना दातांत काहीतरी धरायला देऊन शॉक देतात, तसलं तर नाही ना? ओळखी विसरला, मला विसरला, तर काय करू? इथे शहाडच्या एका बाबाचं नाव निघालं होतं. हितेशने मला दटावलं. म्हणाला, मामा बाबांच्या तावडीत जायचा नाही आणि तू त्याला ढकलू नकोस. मी तो विषय सोडला.

माझा राग गेलेला नाही, पण जीव तुटतो. डॉक्टर सांगतील ते कर. तूही चार घास नीट खात जा.

सगुणाताई

---

डोंबिवली (पूर्व),
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सगुणाताईंस,
सा. न. वि. वि.

सिनेमातलं नाही हो ते. दात काढायच्या दवाखान्यात असते तसली खुर्ची असते. भूल नाही, इंजेक्शन नाही. आधी विचारून घेतात, डोक्यात कुठे धातूची पट्टी वगैरे बसवलीय का, कधी फिट आली होती का. मग कपाळाच्या डाव्या अंगाला तारेचं वेटोळं टेकवतात आणि टकटक सुरू होते, लाकडावर सुतारपक्षी चोच मारतो तशी. कानांत बोळे घालावे लागतात. पहिल्या दिवशी किती जोर लावायचा ते ठरवताना यांचा अंगठा आपोआप उडाला. स्वतःच्याच अंगठ्याकडे ते परक्यासारखे बघत राहिले. आता यांना इस्पितळातून घरी आणलंय, त्यामुळे अर्ध्या तासात बाहेर येतात आणि आम्ही घरी परततो. शनिवार-रविवार सोडून रोज. गोळ्या चालूच आहेत.

सुरुवातीला नुसतं डोकं दुखायचं आणि बाकी सगळं होतं तसंच. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी यायची, आमच्या सान्वीएवढी. ती हसायला लागली, आईशी भांडायला लागली, आणि हे मात्र भिंतच. मला तिचा हेवा वाटायचा, काय सांगू. सोडून द्यावं असंही मनात येऊन गेलं.

पण परवा दुपारी यांनी आमटीला मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड लपवलं. काल वरच्या मजल्यावरच्या ड्रिलच्या आवाजावर वैतागले. एवढंच आहे, ताई. याहून जास्त लिहायची भीती वाटते.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

वासंती

---

डोंबिवली (पूर्व),
१७ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर हलतंय, सांभाळून घे.

काल सकाळी चहा पिताना मनात आलं, की आज रविवार, खडवलीला आईकडे जाऊन येऊ. इतक्या महिन्यांत कुठेतरी जावंसं वाटलं ते हे पहिलं. मी वासंतीला विचारलंही, की आईसाठी काय न्यायचं, पेढे तिला चालतील ना? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला आठवलं.

मला माहीत नव्हतं असं नाही, ताई. बातमी डोक्यात होती, पण कुणा दुसऱ्याची आई गेल्यासारखी. काल ती माझी आई झाली. ओट्याला धरून मी जो रडायला लागलो तो थांबेना. वासंती घाबरली. पुन्हा बिघडलं असं वाटून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी नीट चौकशी केली आणि म्हणाल्या, की आई गेल्यावर माणसं रडतात, त्यांना रडू द्या.

पण आता कुणापाशी रडू? लोक भेटून गेले, दिवस झाले, सगळ्यांचं सुतक फिटलं. माझं काल लागलं. शाळेतल्या कुणाला सांगावं तर तो म्हणेल, त्या डिसेंबरातच गेल्या ना?

तू अग्नी दिलास हे वासंतीने मला तेव्हाच सांगितलं होतं. आज ते ऐकू आलं. तुझ्यापुढे मला मान वर करता येत नाही. शेवटी तिला त्रास झाला का? माझं नाव घेतलं का? खरं ते लिही. मला जपू नकोस.

तुझा,
रघू

---

खडवली,
२२ मार्च २०२५

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणालास, तर लिहिते. धाप लागायची, त्याचा त्रास झाला. तुझं नावही घेतलं. शेवटी शेवटी ती हितेशलाच रघू म्हणायला लागली. तो शहाणा, ओ द्यायचा आणि तिचा हात धरून बसायचा. तेव्हा ती तुझी वाट बघत गेली असं मनात धरू नकोस. तिच्या लेखी तू उशाशी होतास. माझ्या लेखी नव्हतास. ते मला अजून सलतं, आणि ते तुझ्यापासून लपवायची नाही.

पण एक सांगते. तेराव्यानंतर जो तो आपापल्या कामाला लागला. मी आईचा विषय काढला, की पोरं माझ्या हातात चहाचा कप देतात. तिची खाट अजून मी हलवू दिलेली नाही. तुझं पत्र आलं आणि वाटलं, चला, रडायला आता दोघं झालो.

गुरुवारी हितेश मला घेऊन येतोय. वासंतीला सांग, ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, म्हणून काही शिजवू नकोस. पिठलं-भात मी इथून करून आणते.

तुझी,
ताई