मावशींच्या दारातलं खोकं

२ जून
घर मिळालं एकदाचं! बदलीच्या गावी इतकी हवेशीर जागा म्हणजे नशीबच उघडलं. समोरच्या काकूंनी आल्याआल्या चहा पाजला. तळमजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. मांजरं पाळतात, जरा वास येतो, पण देवमाणूस, असं काकू म्हणाल्या.

९ जून
जिन्याखाली मांजरीचं पिल्लू केकाटत होतं. पाय पांढरेशुभ्र. काकूंनी युक्ती सांगितली: खोक्यात घालायचं, मावशींच्या दाराशी ठेवायचं, बेल वाजवून पळायचं. इथे सगळे तेच करतात म्हणे. मीही केलं. पुण्य पदरात आणि घरही स्वच्छ!

२४ जुलै
वासाने डोकं उठलंय. आज मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय, पालिकेची गाडी बोलवू. सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. खोक्यांचा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही. तक्रारीवर मान खाली घालून सही केली.

२८ जुलै
गाडी आली. पिंजरेच्या पिंजरे भरले. काही पिल्लं मेलेलीच निघाली. मावशींना भाचा घेऊन गेला. कुणी कुठलं पिल्लू ठेवलं, त्यांना सगळं ठाऊक होतं. निघताना मला म्हणाल्या, तुझं ते पांढऱ्या पायांचं जगलंय, नेशील का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर घेऊन आले.

१० ऑगस्ट
बेल वाजली. बाहेर कुणी नाही. खोकं. आत दोन पिल्लं.

६ ऑक्टोबर
पुन्हा खोकं. काकूंना जाब विचारायला गेले, तर म्हणाल्या, तुला हौस आहे ना, म्हणून. भांडायला तोंड उघडलं की स्वतःची सही आठवते. तशीच परत आले. हे घेतलं नाही तर कुठे जाईल ते?

१५ जानेवारी
ताई आली. उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावला. कसला वास म्हणाली. मला तर काहीच येत नाही — पलंगाखाली काहीतरी मेलंय म्हणाली — रडली. मी वाकून बघितलं नाही. लाज वाटली.

३ मार्च
जिन्यात मला मावशी म्हणायला लागलेत. काकूसुद्धा. माझं वय काय — त्यांच्या मुलीएवढी मी —

८ मार्च
खाली मीटिंग. काकूंचा आवाज — बाईचं डोकं फिरलंय — खिडकीतून दिसतंय, नवा भाडेकरू सही करतोय, मान खाली — पांढऱ्या पायांच्या मांजरीला कुठे लपवू —

बेल. गाडी आली वाटतं.

नाही. बाहेर कुणीच नाही. खोकं. मीटिंग चालू असताना — नको, आता नाही घेणार, मुळीच नाही — पण ते आतून ओरडतंय —